मायनर ओटीतले ग्लोव्हज: कुठे साधे चालतात, कुठे निर्जंतुकच हवेत

प्रश्न असा आहे: तालुक्याच्या गावी दवाखान्याला जोडून मायनर ओटी, म्हणजे लहान शस्त्रक्रियांची खोली आहे. गळू फोडणं, चरबीची गाठ काढणं, जखमेला टाके घालणं, पायाच्या अंगठ्याचं रुतलेलं नख काढणं ही तिथली नेहमीची कामं. त्यासाठी खोक्यातले साधे ग्लोव्हज चालतात, की दर वेळी निर्जंतुक पाकीट फोडलंच पाहिजे? शिवाय सिस्टरांचं म्हणणं असं की वापरलेले ग्लोव्हज धुऊन, वाळवून, पावडर टाकून ऑटोक्लेव्ह केले (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात ठेवले) की खर्च वाचतो आणि ते निर्जंतुकही होतात. हे कितपत बरोबर?

आधी थेट उत्तर देतो. गळू, ताजी वरवरची जखम, रुतलेलं नख, टाके काढणं आणि ड्रेसिंग यांना खोक्यातले नवे ग्लोव्हज पुरतात. गाठ काढून आतून थराथराने टाके घालायचे असतील, त्वचेचा फ्लॅप (एका बाजूने जोडलेला तुकडा) फिरवायचा असेल, जखमेत टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) किंवा सांधा दिसत असेल, किंवा रुग्णाचा मधुमेह आटोक्याबाहेर असेल, तो स्टिरॉइडवर किंवा केमोवर असेल, तर निर्जंतुक जोडीच घ्या. धुऊन ऑटोक्लेव्ह केलेले ग्लोव्हज मात्र यातल्या कशालाही नकोत.

खोक्यातल्या ग्लोव्हजना परवानगी ही काटकसरीची पळवाट नाही, तिला आधार आहे. कॅनडातल्या इमर्जन्सी विभागांत साध्या जखमांना टाके घातलेल्या ८१६ रुग्णांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. निर्जंतुक ग्लोव्हजच्या गटात ६.१ टक्के जखमा पिकल्या, साध्या ग्लोव्हजच्या गटात ४.४ टक्के. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मॅके इथे जनरल प्रॅक्टिसमध्ये त्वचेवरच्या लहान शस्त्रक्रिया झालेल्या ४९३ रुग्णांचे आकडे २०१५ मध्ये आले: साधे ८.७ टक्के, निर्जंतुक ९.३ टक्के. दोन्हीकडे सांगण्याजोगा फरक नाही. पण हे आकडे वाचताना एक गोष्ट विसरू नका. तिथले साधे ग्लोव्हज खोक्यातून नुकतेच काढलेले आणि एकाच रुग्णासाठी वापरलेले होते. सकाळी चढवून चार रुग्ण तपासलेल्या, मध्ये केसपेपर लिहिलेल्या ग्लोव्हजना हे आकडे लागू होत नाहीत.

फरक का पडत नाही, तेही समजून घेण्यासारखं आहे. लहान शस्त्रक्रियेनंतर जखम पिकवणारे जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्याच कातडीवरचे असतात, त्यातही स्टॅफिलोकॉकस ऑरियस नेहमीचा. नव्या खोक्यातल्या ग्लोव्हवर जंतू थोडे असतात. तोच ग्लोव्ह नंतर मोबाइल, ड्रॉवर, दिव्याचा दांडा आणि रुग्णाची कातडी यांना लागला की ते कितीतरी पटींनी वाढतात. म्हणून ग्लोव्ह कुठला, हा प्रश्न मिनिटभरात निकालात काढावा. घातल्यापासून उतरवेपर्यंत त्याने कशाकशाला हात लावला, यावर मात्र सगळं लक्ष ठेवावं.

आता धुतलेल्या ग्लोव्हजविषयी. एकदाच वापरायला बनवलेलं पातळ लॅटेक्स साबणाने धुतलं, वाळवलं आणि १२१ अंशांच्या वाफेत ठेवलं की त्याची लवचीकता जाते. आधी न दिसणारी सुईची भोकं ताणली की मोठी होतात. ग्लोव्ह आतून ओला असेल किंवा ड्रममध्ये घट्ट कोंबला असेल, तर बोटांच्या टोकातली हवा निघत नाही आणि तिथे वाफ पोचत नाही. म्हणजे जखमेत सर्वांत आधी जाणारा भागच निर्जंतुक होण्याची खात्री नसते. तोंडाने फुगवून भोक शोधण्याची पद्धतही सोडा. तिने मोठी फट तेवढी कळते, आणि तोंडातले जंतू ग्लोव्हच्या आत जातात ते वेगळंच. कारखान्यात ग्लोव्ह टांगून त्यात १००० मिलिलिटर पाणी भरतात आणि दोन मिनिटांनी गळती बघतात. या चाचणीतही तुकडीतले थोडे ग्लोव्ह गळके निघणं मान्य असतं. अमेरिकी मानकात ही मर्यादा शस्त्रक्रियेच्या ग्लोव्हजना १.५ टक्के आणि तपासणीच्या ग्लोव्हजना २.५ टक्के आहे. कोरा करकरीत ग्लोव्हसुद्धा गळका निघू शकतो, तर धुतलेल्याची हमी कोण देणार? नवीन कंपनीचं खोकं आलं की त्यातले दहा ग्लोव्ह नळाखाली भरून थोडा वेळ लटकावून बघा. दोन-तीन गळले तर ते खोकं परत करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि पुरवठादाराशी बोलायला हातात पुरावा राहतो.

खरेदी करताना पावडर नसलेलेच ग्लोव्हज मागा. पावडरचे कण जखमेत राहिले की गाठी धरतात, आणि लॅटेक्सची प्रथिनं त्या कणांवर बसून हवेत उडतात. अमेरिकेत पावडरच्या ग्लोव्हजवर जानेवारी २०१७ पासून बंदी आहे. आपल्याकडे ते अजून सर्रास मिळतात आणि स्वस्त असतात, म्हणून ऑर्डरवर 'पावडर-फ्री' असं स्पष्ट लिहा. व्हिनाइलचे ग्लोव्हज स्वच्छतेच्या कामाला ठीक वाटतात, पण ते ताणत नाहीत, लवकर फाटतात, आणि रक्ताच्या कामाला भरवशाचे नाहीत. शिवाय व्हिनाइल हे क्लोरीनयुक्त प्लास्टिक, आणि अशा प्लास्टिकच्या पिशव्या आणि ग्लोव्हज २७ मार्च २०१९ पर्यंत बंद करायचे होते, असं जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांतच आहे. खोक्यातल्या ग्लोव्हजच्या कामाला नायट्राइल (कृत्रिम रबर) आणि निर्जंतुक जोडीच्या कामाला लॅटेक्स, अशी विभागणी बहुतेक दवाखान्यांत जमते. लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्या रुग्णासाठी लॅटेक्स नसलेल्या निर्जंतुक ग्लोव्हजच्या दोन-चार जोड्या वेगळ्या ठेवाव्यात. ॲलर्जी विचारताना नुसतं "कसली ॲलर्जी आहे का?" एवढं पुरत नाही. "फुगा फुगवताना ओठ सुजतात का, रबरी वस्तूने अंगाला खाज सुटते का, केळी किंवा पपई खाल्ल्यावर तोंड खाजतं का?" असं विचारलं तर लोक सांगतात.

सिस्टरांच्या हातावर पुरळ येतं ते मात्र बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. साबण नीट न धुता, हात ओलसर असताना ग्लोव्ह चढवल्याने कातडी फुटते. हात पूर्ण कोरडे करून ग्लोव्ह घालणं आणि ड्युटी संपल्यावर साधं मॉइश्चरायझर लावणं, एवढ्याने बराच फरक पडतो. कामाच्या वेळी तेल, व्हॅसलीन किंवा पेट्रोलियमचं मलम नको. त्याने लॅटेक्स फुगतं आणि विरतं.

मापाकडेही बघा. ६, ६½, ७, ७½ हे आकडे साधारणपणे तळहाताच्या घेराचे इंच आहेत, अंगठा सोडून बोटांच्या मुळाशी मोजलेले. ढिल्या ग्लोव्हचं टोक नीडल-होल्डरच्या (टाक्याची सुई धरायच्या चिमट्याच्या) जबड्यात सापडतं आणि गाठ मारताना दोऱ्याबरोबर ओढलं जातं. फार घट्ट असेल तर वीस मिनिटांत बोटं बधिर होतात. सगळ्यांना सातचे आणून ठेवणं ही चुकीची बचत आहे.

ग्लोव्हच्या आधी हात. ग्लोव्ह घालायचाच आहे तर हात कशाला धुवायचे, असं अनेकांना वाटतं. न दिसणाऱ्या भोकातून येतं ते हातावरचंच, आणि ग्लोव्हच्या आत ऊब आणि घाम असल्याने जंतू तिथे वाढतात. खोक्यातले ग्लोव्ह घालण्याआधी अल्कोहोलचं हँडरब २० ते ३० सेकंद चोळा, हात दिसण्याइतके मळलेले असतील तर साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद धुवा. निर्जंतुक जोडी घालायची असेल तर कोपरापर्यंत शस्त्रक्रियेची तयारी करा: क्लोरहेक्सिडीन किंवा पोव्हिडोन आयोडीनच्या स्क्रबने दोन ते पाच मिनिटं, किंवा सर्जिकल हँडरब बाटलीवर लिहिलेल्या वेळेइतकं. ब्रशने खरवडू नका, कातडी सोलली की तिथे जंतू जास्त धरतात. नखं बोटाच्या टोकापुढे गेलेली नसावीत. अंगठी, घड्याळ, बांगड्या, मनगटावरचा दोरा उतरवायचा. राखी पौर्णिमेनंतरचे काही दिवस हा विषय ओटीत दर वर्षी निघतो. भावनेचा मान राखून राखी खिशात ठेवायला सांगावी, पण ती मनगटावर ठेवून टाके घालू नयेत.

निर्जंतुक जोडी घालताना चूक नेमकी एका जागी होते, म्हणून ते जरा जवळून सांगतो. आतला कागद कोरड्या ट्रॉलीवर उलगडा. कफ बाहेर दुमडलेले दिसतील. डाव्या हाताने उजव्या ग्लोव्हची फक्त दुमडलेली घडी धरा, कारण ती आतली बाजू आहे, कातडी तिलाच लागायची आहे. उजवा हात आत घाला, घडी सोडवू नका. आता ग्लोव्ह घातलेल्या उजव्या हाताची चार बोटं डाव्या ग्लोव्हच्या घडीच्या पोटात, म्हणजे बाहेरच्या निर्जंतुक बाजूला सरकवा, आणि अंगठा लांब उभा ठेवून डावा हात आत घाला. सगळं बिघडतं ते त्या अंगठ्याने. तो सवयीने खाली येतो, मनगटाच्या कातडीला लागतो, आणि दोन मिनिटांनी त्याच अंगठ्याने चिमटा धरला जातो. लागला असं वाटलं तरी जोडी बदला. शेवटी दोन्ही घड्या आतून उचलून मनगटावर सोडा, कातडीवर घासत ओढू नका.

एकदा ग्लोव्ह चढले की हात छातीच्या पातळीवर, कमरेच्या वर. दिवा सरकवणं, पंखा बंद करणं, रुग्णाची चादर ओढणं ही सगळी सिस्टरांची कामं. लिग्नोकेनच्या (जागा बधिर करायच्या औषधाच्या) वायलकडे, म्हणजे रबरी बुचाच्या बाटलीकडेही तसंच बघा. वायलची काच निर्जंतुक नसते. सिस्टरांनी ती उलटी धरायची, रबरी बूच स्पिरिटने पुसून सुकू द्यायचं, आणि डॉक्टरांनी वायलला हात न लावता नवीन सुईने औषध ओढायचं. पुढच्या वेळी सोपं जावं म्हणून बुचात सुई खोचून ठेवलेली वायल दिसली, तर ती टाकून द्या. तीस मिलिलिटरच्या वायलवर फोडल्याची तारीख लिहा आणि कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर २८ दिवसांनी ती काढून टाका.

ट्रॉलीच्या कोपऱ्यात सेव्हलॉनच्या पाण्यात उभा केलेला चीटल फोर्सेप (निर्जंतुक वस्तू उचलायचा लांब चिमटा) आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांची बरणी, या दोन वस्तू आपल्याकडच्या बऱ्याच ओटीत वर्षानुवर्षं आहेत. पातळ केलेल्या अँटिसेप्टिकमध्ये स्युडोमोनास आणि बर्कहोल्डेरिया जातीचे जंतू जगतात, वाढतात. निर्जंतुक ग्लोव्हच्या हाताने त्या फोर्सेपने दिलेला गॉज घेतला की पाकिटाचे पैसे वाया गेले. प्रत्येक रुग्णासाठी गॉज, चिमटा, नीडल-होल्डर आणि कात्री एकत्र गुंडाळून ऑटोक्लेव्ह केलेले छोटे सेट करा. ऑटोक्लेव्ह नीट चालतो की नाही हे बाहेरच्या टेपवरून कळत नाही. टेप फक्त उष्णता लागल्याचं सांगते. सेटच्या आत रासायनिक इंडिकेटरची पट्टी ठेवा. यूव्हीच्या कपाटात ठेवलेली अवजारं निर्जंतुक होत नाहीत, ते कपाट फार तर निर्जंतुक झालेले सेट ठेवण्यापुरतं. आणि अवजारं रसायनात बुडवून, नळाच्या पाण्याने खळबळून वापरण्याची सवय सर्वांत घातक. नळाच्या पाण्यातले क्षयरोगाच्या नात्यातले जंतू टाक्यांत बसतात, आणि महिनाभराने बरी न होणारी वाहती गाठ घेऊन रुग्ण परत येतो. तिला नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत.

कातडीची तयारी हा बहुतेकांचा उरकून टाकायचा भाग, आणि माझ्या मते जखम पिकू न देण्यात याचा वाटा ग्लोव्हपेक्षा मोठा आहे. वस्तऱ्याने केस काढू नका, अडचण होत असेल तर क्लिपरने कापा. २ टक्के क्लोरहेक्सिडीन आणि ७० टक्के अल्कोहोल यांचं मिश्रण कोरड्या जागी ३० सेकंद घासून लावा, काख-जांघेसारख्या ओलसर जागी दोन मिनिटं, आणि आपोआप वाळू द्या. पोव्हिडोन आयोडीन लावलं तर तेही किमान दोन मिनिटं वाळायला हवं. आधी आयोडीन, लगेच वरून स्पिरिटने पुसणं, ही पद्धत आयोडीनला काम करायच्या आधीच काढून टाकते. कॉटरी (विजेने रक्तस्राव थांबवायचं उपकरण) वापरणार असाल तर अल्कोहोल पूर्ण उडून गेलेलं हवं, खोबणीत साचलेलं आणि चादरीत मुरलेलं तर नकोच नको, कारण त्याचा भडका उडतो. डोळा आणि कानाच्या आत क्लोरहेक्सिडीन जाऊ देऊ नका.

अंगठ्याच्या नखाबद्दल एक धोका स्वतंत्रपणे सांगायला हवा. रक्त थांबवायला ग्लोव्हचं बोट कापून, टोकाला भोक पाडून अंगठ्यावर गुंडाळत खाली आणतात. युक्ती चांगली चालते, आणि म्हणूनच धोक्याची आहे. काम झालं, ड्रेसिंग झालं, फिकट रबराचं कडं पट्टीखाली दिसत नाही, आणि बधिर अंगठा दुखतही नाही. राहून गेलेल्या अशा कड्यांमुळे बोटं काळी पडून कापावी लागली आहेत. ब्रिटनच्या रुग्णसुरक्षा यंत्रणेने २००९ मध्ये याबद्दल इशारा काढला आणि ग्लोव्हचा टूर्निकेट (रक्त थांबवायला बांधलेला आवळ) वापरू नका असं सांगितलं. भडक रंगाचा, बाहेर शेपूट दिसणारा तयार टूर्निकेट मिळतो, तो वापरा. बांधल्याची वेळ फळ्यावर लिहा आणि ड्रेसिंग सुरू करण्याआधी "टूर्निकेट काढला" हे सिस्टरांनी मोठ्याने म्हणायचं. मग नखाचा रंग परत आलेला डोळ्यांनी बघूनच पट्टी.

टाके घालताना सर्वांत जास्त भोकं पडतात ती उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या डाव्या तर्जनीला, आणि त्यातली बरीच काम संपेपर्यंत लक्षातही येत नाहीत. कारण सोपं आहे: कातडीची कड बोटाने उचलून धरायची आणि सुई त्याच बोटाकडे काढायची सवय. कड दातांच्या चिमट्याने धरा, सुईही चिमट्यानेच पकडून पुढच्या टाक्यासाठी बसवा. सुई हातातून हातात देऊ नका, मधे किडनी ट्रे ठेवा. इंजेक्शनच्या सुईला टोपण परत लावू नका. डबल ग्लोव्ह घातले तर आतल्या ग्लोव्हला भोक पडण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतं, हे अनेक चाचण्या एकत्र केल्यावर दिसलेलं आहे. मायनर ओटीत प्रत्येक वेळी डबल घालायची गरज नाही. पण रुग्ण एचआयव्ही किंवा हिपॅटायटिसचा माहीत असेल, जखमेत काच, पत्रा किंवा हाडाचं टोक असेल, तर घाला. आत अर्ध्या मापाने मोठा आणि गडद रंगाचा, वर आपल्या मापाचा फिकट, असं केलं की भोक पडल्यावर ओलाव्याचा डाग लगेच दिसतो.

भोक पडलं की 'एवढा एक टाका राहिलाय' म्हणू नका. थांबा, दोन्ही ग्लोव्ह काढा, हात चोळा, नवीन जोडी घाला, आणि ज्या सुईने भोक पाडलं ती सुई बदला. ग्लोव्हवर स्पिरिट किंवा हँडरब चोळून पुढचा रुग्ण घेणं चालत नाही. अल्कोहोलने ग्लोव्हचा थर कमजोर होतो आणि रक्ताचा पातळ थर तसाच राहतो.

उतरवताना पहिल्या ग्लोव्हला दुसऱ्या ग्लोव्हने बाहेरून धरा आणि उलटा करत मुठीत घ्या. दुसऱ्याच्या आत उघडं बोट घालून तोही उलटा करा, पहिला त्याच्या पोटात जाईल. लगेच हात धुवा. २०१६ च्या नियमांप्रमाणे ग्लोव्ह लाल पिशवीत, रक्ताचा गॉज आणि कापूस पिवळ्या पिशवीत, सुया आणि ब्लेड पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात. तो डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करा. लाल पिशवीत सुई गेली तर टोचते ती बहुधा पिशवी उचलणाऱ्या मावशींना, आणि त्यांना जाड रबरी हातमोजे अनेक ठिकाणी दिलेलेच नसतात. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस, ०, १ आणि ६ महिन्यांना, डॉक्टर-सिस्टरांइतकेच मावशींनाही द्यायला हवेत. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासा, दर मिलिलिटरला १० मिलि-युनिट (mIU/mL) किंवा जास्त असली म्हणजे लस लागू पडली.

सुई टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात धरू नका, त्यावर स्पिरिट किंवा ब्लीच ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. रुग्णाची संमती घेऊन त्याची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी तपासणी करा, पण औषध सुरू करायला अहवालाची वाट बघत बसू नका. दूषित सुईने एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे, लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी होण्याची ६ ते ३० टक्के. एचआयव्हीविरोधी औषधाचा पहिला डोस शक्यतो दोन तासांत घ्यायचा, ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) वजनाच्या किलोमागे ०.०६ मिलिलिटर, शक्यतो २४ तासांच्या आत, आणि सोबत लसीचा पहिला डोस. तालुक्याच्या गावात रात्री नऊ वाजता एचआयव्हीविरोधी औषधाचा हा पहिला डोस कुठे मिळेल, हे आजच सरकारी रुग्णालयात विचारून घ्या आणि तो फोन नंबर ओटीच्या भिंतीवर लावा.